छोट्या पातेल्यातील कडक एल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात ब्रिटनमधील घरगुती बिअरविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेली बरीच पत्रे कडक एलबद्दल आहेत. कडक एल म्हणजे आठ ते दहा टक्के अल्कोहोलची, दाट आणि सावकाश मुरणारी बिअर. इंग्लंडमध्ये तिला बार्ली वाइन असेही म्हणतात, मात्र तिचा द्राक्षांशी काही संबंध नसतो. पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. घनतेचे आकडे ब्रिटिश पद्धतीने दिले आहेत. या पद्धतीत पाणी १००० धरतात, त्यामुळे १०९० याचा अर्थ पाण्यापेक्षा नऊ टक्के जड असा होतो. साखर आंबून तिचे अल्कोहोल होते, तसा हा आकडा उतरत जातो.

प्रश्न : आम्ही दोघे लेस्टरमध्ये एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहतो. स्वयंपाकघर अरुंद आहे, शेगडी विजेची आहे आणि सर्वांत मोठे पातेले दहा लिटरचे आहे. दुकानात मिळणारी सर्व साधने तेवीस लिटरच्या हिशेबाची असतात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत नऊ टक्क्यांची एल करता येईल का, की आधी मोठी भांडी घ्यावीत? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : मोठी भांडी घेऊ नका. चार टक्क्यांची बिटर ही साधी बिअर करायची असती, तर पाच लिटरसाठी अख्खा दिवस घालवणे परवडत नाही असे म्हणता आले असते. कडक एलची गोष्ट निराळी आहे. ती एका वेळी लहान पेल्यानेच प्यायची असते आणि वर्षभर ठेवायची असते, त्यामुळे चौदा-पंधरा लहान बाटल्या हा तिच्यासाठी अगदी योग्य साठा आहे. शिवाय तेवीस लिटर कडक वर्ट, म्हणजे माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) काढलेले, न आंबलेले गोड पाणी, घरच्या शेगडीवर नीट उकळत नाही, लवकर थंड होत नाही आणि त्याला यीस्टही तीन-चार पाकिटे लागते. पाच लिटरला ११ ग्रॅमचे एक पाकीट पुरेसे होते आणि पातेले सिंकमध्ये बसते. या कामात छोटे माप ही अडचण नाही, सोय आहे.

पाच लिटरसाठी मेरिस ऑटर जातीच्या बार्लीचे फिकट माल्ट १.४ किलो, क्रिस्टल माल्ट १०० ग्रॅम आणि कोरड्या माल्ट अर्काची पूड ५०० ग्रॅम घ्यावी. सगळी गोडी धान्यातूनच काढण्याचा हट्ट अनेक जण धरतात, पण दहा लिटरच्या पातेल्यात तो धरू नये. कारण असे, की नारळाचे पहिले दूध दाट निघते आणि खोबऱ्यात उरलेला अंश काढायला पुन्हा पाणी घालावे लागते, तसेच माल्टचे आहे. दाट वर्ट हवे असेल तर धान्य धुवायला पाणी कमी वापरावे लागते आणि बरीच साखर चोथ्यात राहून जाते. मोठे उत्पादक या उरलेल्या साखरेचा दुसरा, पातळ वर्ट काढून त्याची हलकी बिअर करतात. लंडनमधील चिझिकच्या फुलर्सने गोल्डन प्राइड ही ८.५ टक्क्यांची एल आणि लंडन प्राइड ही तिच्याहून खूपच हलकी बिअर एकाच मॅशच्या (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या) निरनिराळ्या वर्टांतून वर्षानुवर्षे काढली. आपल्याकडे दुसरे पातेले नसल्यामुळे पुडीने भर घालणे हा प्रामाणिक आणि चांगला मार्ग आहे.

सहा लिटर पाणी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पातेल्यात मोठी कापडी जाळीची पिशवी पसरावी आणि भरडलेले माल्ट तिच्यात हळूहळू ढवळत घालावे. धान्य खोलीच्या तापमानाचे असल्यास मिश्रण ६६ अंशांवर येऊन स्थिरावते. झाकण ठेवून पातेले गोधडीत गुंडाळावे आणि सव्वा तास हात लावू नये. विजेची शेगडी मधूनमधून चालू करून तापमान सांभाळण्याचा प्रयत्न केल्यास तळाचे धान्य ७५ अंशांवर जाते आणि वरचे ६३ वर राहते. त्यापेक्षा गोधडीत एक-दोन अंश उतरले तरी बिघडत नाही. नंतर पिशवी उचलून पातेल्यावर चाळणीत ठेवावी आणि ७५ अंशांचे साडेतीन लिटर पाणी पळीपळीने तिच्यावर ओतावे. पातेल्यात सुमारे सव्वाआठ लिटर वर्ट जमते. दहा लिटरच्या पातेल्यात एवढे वर्ट पहिल्या उकळीला हमखास उतू जाते, म्हणून दीड लिटर बाजूला काढून ठेवावे आणि पहिला फेस बसल्यावर परत ओतावे.

उकळी सव्वा ते दीड तास चालू ठेवावी. घरच्या शेगडीवर तासाला साधारण दोन लिटर पाणी वाफ होऊन जाते आणि तेच आपल्याला हवे आहे. शेवटचा तास उरला असता १२ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा देणाऱ्या घटकाचे) मॅग्नम जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी सुकी फुले, १० ग्रॅम घालावेत आणि शेवटची दहा मिनिटे उरली असता ईस्ट केंट गोल्डिंग्ज १५ ग्रॅम घालावेत. माल्टची पूड शेवटच्या पंधरा मिनिटांत घालावी, पण घालताना शेगडी बंद करून पूर्ण विरघळवावी, नाहीतर ती तळाला लागून करपते. पूड उशिरा घालण्याचा आणखी एक फायदा आहे. दाट वर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो आणि बराच वेळ वर्ट पातळ राहिल्यामुळे थोड्या हॉप्समध्ये काम भागते. यानंतर झाकलेले पातेले सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवावे. पाण्यात एकदा-दोनदा नवा बर्फ घातला, की पाच-साडेपाच लिटर वर्ट तासाभराच्या आत २० अंशांखाली येते.

उकळीनंतर वर्टला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असली पाहिजे. बादली, झाकण, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत येऊ न देणारी नळी), चमचा आणि पाकीट कापायची कात्रीसुद्धा त्यात आली. फॉस्फोरिक आम्लाचे, धुवावे न लागणारे द्रावण यासाठी सर्वांत सोयीचे असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे एलला औषधासारखा वास येतो. त्यासाठी कॅम्पडेन गोळीचा अष्टमांश तुकडा दहा लिटर पाण्यात सुरुवातीलाच विरघळवावा.

थंड वर्ट निर्जंतुक बादलीत उंचावरून ओतावे, पुन्हा पातेल्यात घ्यावे आणि पुन्हा ओतावे. असे चार-पाच वेळा केल्याने वर्टमध्ये हवा मिसळते आणि यीस्टला वाढीसाठी प्राणवायू मिळतो. कडक वर्टमध्ये ही गरज सर्वांत मोठी असते. मात्र आंबवण सुरू झाल्यानंतर हवा शत्रू ठरते, तेव्हा असे ओतणे पुन्हा करू नये. घनता या टप्प्यावर १०९० च्या जवळपास असावी. १०८४ आली तरी चिंता करू नका, एल आठ टक्क्यांची होईल आणि चांगलीच होईल. आंबवणीसाठी किमान आठ लिटरची अन्नासाठी योग्य अशी बादली घ्यावी. पाच लिटरच्या काचेच्या डेमीजॉनमध्ये (अरुंद तोंडाच्या मोठ्या बाटलीत) पाच लिटर कडक वर्ट भरल्यास फेस एअरलॉकमधून वर येतो, नळी हॉप्सच्या गाळाने बुजते आणि काच फुटण्याचा धोका निर्माण होतो.

उरलेले सर्व काम तापमानाचे आहे. पहिले चार दिवस बादलीतील द्रव १८ अंशांवर राहिला पाहिजे. खोलीचे तापमान १८ असून भागत नाही, कारण जोरात आंबणारे वर्ट स्वतः तापते आणि खोलीपेक्षा दोन-तीन अंश वर जाते. बादली गार पाण्याच्या टबात ठेवून तिच्यावर ओला टॉवेल गुंडाळला, तर उन्हाळ्यातही हे साधते. पहिल्या दिवसांत २५ अंशांवर आंबलेल्या कडक एलमध्ये जड अल्कोहोल तयार होतात, त्यांचा दाहक वास वर्षभर मुरवूनही पुरता जात नाही. पाचव्या दिवसानंतर तापमान आपोआप २१ पर्यंत चढू द्यावे आणि एकूण तीन आठवडे बादली हलवू नये. तुमच्याकडे खर्चाला थोडेच पैसे असतील, तर ते चांगला थर्मामीटर, हायड्रोमीटर (घनता मोजण्याचे तरंगते साधन) आणि ताजे यीस्ट यांवर खर्च करा.

प्रश्न : माझ्या एलची सुरुवातीची घनता १०९६ होती. दोन आठवड्यांनंतर ती १०३६ वर येऊन थांबली आहे आणि गेले पाच दिवस हलत नाही. पाकिटावर २३ लिटरसाठी असे लिहिलेले असल्यामुळे मी पाच लिटरला अर्धेच पाकीट वापरले. रात्री आमची खोली १४ अंशांपर्यंत थंड होते. चव गोड असली तरी मला आवडली. आता बाटल्या भरू का? — एक वाचक, रेडिंग

उत्तर : कृपया बाटल्या अजिबात भरू नका. तुमच्या एलमध्ये अजून दहा-बारा अंकांची साखर आंबायची शिल्लक आहे. घनता चार-पाच अंकांनी उतरताना जेवढा वायू तयार होतो, तेवढ्यात साध्या बिअरचा पूर्ण फेस भागतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट वायू बंद बाटलीत तयार झाला, तर काच फुटते आणि तिचे तुकडे डोळ्यांपर्यंत उडतात. आज थंडीने थांबलेले यीस्ट मे महिन्यात खोली गरम झाल्यावर पुन्हा कामाला लागते, आणि अपघात होतात ते नेमके तेव्हाच.

प्रथम हे मोजमाप हायड्रोमीटरचे आहे की रिफ्रॅक्टोमीटरचे (प्रकाशाच्या वळणावरून साखर मोजणाऱ्या साधनाचे), याची खात्री करा. छोट्या मापात एकेक थेंबावर भागते म्हणून बरेच जण रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, आणि उकळीच्या वेळी तो उत्तमही आहे. परंतु अल्कोहोल तयार झाल्यावर तो आकडा जास्त दाखवतो आणि आंबवण पूर्ण होऊनही ती अडल्याचा भास होतो. हायड्रोमीटरच्या एका मोजणीला शंभर मिलिलिटर एल लागते, म्हणजे पाच लिटरमधील दोन टक्के. त्यामुळे रोज मोजू नये हे खरे, पण अशा प्रसंगी ते शंभर मिलिलिटर सत्कारणी लागतात.

आकडा खरा असेल, तर कारण तुमच्या पत्रातच आहे. पाकिटावरील २३ लिटरचा हिशेब साध्या बिअरचा असतो. १०९० च्या वर्टला लिटरमागे साध्या बिअरच्या दुप्पट ते तिप्पट यीस्ट लागते, आणि अर्धे राहिलेले पाकीट उघडे पडून लवकरच निकामी होते. म्हणून पाच लिटरलाही ते पूर्णच वापरावे. त्यात रात्री १४ अंशांची थंडी आली, की इंग्लिश यीस्ट गोळा होऊन तळाशी बसते.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. बादली घरातील सर्वांत उबदार जागी, २० ते २१ अंशांवर न्यावी आणि झाकण न उघडता हळूच गोल फिरवावी, जेणेकरून तळाचे यीस्ट पुन्हा वर येईल, पण हवा मिसळणार नाही. हे दिवसातून एकदा, पाच दिवस करावे. अनेकदा एवढ्यानेच आंबवण पुन्हा सुरू होते. तसे न झाल्यास नवे पाकीट आणावे, पण ते कोरडेच एलवर भुरभुरू नये. तुमच्या एलमध्ये आजच आठ टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल आहे आणि झोपेतून उठलेले यीस्ट त्यात पडताच मरते. २५ ग्रॅम माल्टची पूड पाव लिटर पाण्यात उकळून थंड करावी, त्यात पाकीट घालावे आणि फेस चांगला वर आला की ते सारे मिश्रण बादलीत ओतावे. घनता १०२४ ते १०२६ पर्यंत आली आणि आठवड्याच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे सारखी आली, तरच बाटल्या भराव्यात. तेव्हाही ती पुरेशी गोड असेल, याची खात्री बाळगा.

प्रश्न : येथील भारतीय दुकानात कोल्हापुरी गूळ चांगला मिळतो. कडक एलमध्ये गूळ घातला तर चालेल का, की तो केवळ हौसेचा प्रकार ठरेल? त्याने बिअर गोड होईल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : जरूर घाला. कडक एलमध्ये साखर घालणे ही पळवाट मुळीच नाही. ब्रिटनमध्ये १८४७ साली ब्रुअरींना साखर वापरण्याची कायद्याने परवानगी मिळाली आणि तेव्हापासून तेथील अनेक एलमध्ये ती वापरली जाते. निव्वळ माल्टची नऊ टक्क्यांची एल कधीकधी घशाला जड वाटते. एकूण गोडीच्या दहाव्या हिश्शाइतका गूळ घातल्यास तिचे अंग हलके होते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

परंतु एल गोड होणार नाही. गुळातील साखर यीस्ट जवळजवळ संपूर्ण खाते. उरतो तो गुळाचा मातकट, किंचित खारट स्वाद आणि रंग. म्हणून पिवळा, फिकट गूळ घातल्यास शेवटी फारसे काही जाणवत नाही. गडद, मऊ आणि वासाला तीव्र असा गूळ घ्यावा. पाच लिटरला १५० ग्रॅम घालावा आणि कृतीतील माल्टची पूड तेवढीच कमी करावी. गूळ उकळीत घालण्याची घाई करू नये, कारण यीस्ट आधी सोपी साखर खाऊन सुस्तावते आणि माल्टमधील अवघड साखर शिल्लक ठेवते. चौथ्या दिवशी वरचा फेस बसू लागला, की गूळ पाव लिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटे उकळावा, गाळावा, पूर्ण थंड करावा आणि बादलीच्या कडेने हळूच सोडावा. गाळल्यावर गाळणीत उसाचा चोथा आणि बारीक खर दिसते, म्हणून ही पायरी वगळू नये.

प्रश्न : माझा मुलगा नॉटिंगहॅमहून शिक्षण संपवून पुण्याला परत येत आहे. तो तेथे घरी बिअर करीत असे. येथेही सुरू ठेवणार असे म्हणतो. यात काही अडचण आहे का? — एक पालक, पुणे

उत्तर : होय, मोठी अडचण आहे आणि त्याला आताच सांगा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यासाठी बिअर करायला परवाना लागत नाही. विक्री मात्र करता येत नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर बिअर घरच्यासाठी करता येते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. माप पाच लिटरचे असो वा पाचशे, घरापुरते असो वा विकायचे, त्याने फरक पडत नाही. या सदरातील कृती परदेशात, जेथे कायद्याची मुभा आहे अशा वाचकांसाठीच आहेत. पुण्यात २००९ पासून परवानाधारक मायक्रोब्रुअरी सुरू झाल्या आहेत. मुलाला खरोखर गोडी असेल, तर अशा एखाद्या ठिकाणी काम शिकण्याचा मार्ग त्याला मोकळा आहे.

प्रश्न : माझी एल ९.२ टक्क्यांची झाली. तीन महिने काचेच्या डेमीजॉनमध्ये मुरवून मग बाटल्यांत भरली. सहा आठवडे झाले तरी एका बाटलीलाही फेस नाही. साखर मोजून घातली होती. बाटल्या माळ्यावर, थंड जागी आहेत. आता ही बाद झाली असे समजावे का? आणि कडक एल नेमकी किती दिवसांनी प्यावी? — एक वाचक, एडिंबरा

उत्तर : बाद मुळीच झालेली नाही. तीन महिन्यांत बहुतेक यीस्ट तळाशी बसले, उरलेले नऊ टक्के अल्कोहोलमध्ये थकले आणि तुम्ही त्याला थंड जागी ठेवले. सर्व बाटल्या खाली आणून २० अंशांच्या खोलीत ठेवाव्यात, प्रत्येक बाटली एकदा उलटी करून तळाचा पातळ थर ढवळून घ्यावा आणि आणखी सहा आठवडे थांबावे. साध्या बिअरला दोन आठवड्यांत फेस येतो, कडक एलला तीन महिनेही लागतात. त्यानंतरही ती निपचित राहिली, तर प्रत्येक बूच काढून कोरड्या यीस्टचे चार-पाच दाणे टाकून नवे बूच बसवणे हा उपाय आहे, पण आणखी साखर चुकूनही घालू नये.

पुढच्या वेळी साडेचार लिटर एलला २० ग्रॅम साखर पुरेशी आहे, कारण कडक एलला मंद फेसच शोभतो. साखर पाण्यात उकळून भरणीच्या बादलीत आधी ओतावी आणि महिन्याहून जास्त मुरवलेल्या एलमध्ये तिच्यासोबत अर्धा ग्रॅम ताजे यीस्टही घालावे. माझे स्वतःचे मत असे आहे, की पाच लिटरच्या मापात डेमीजॉनमध्ये दीर्घकाळ मुरवूच नये. भांडे जितके लहान, तितका हवेचा स्पर्श प्रमाणाने जास्त होतो, आणि प्रत्येक वेळी चव पाहताना पातळी खाली जाते. चौथ्या आठवड्यात घनता स्थिर झाली, की ३३० मिलिलिटरच्या, पत्र्याचे बूच बसणाऱ्या गडद बाटल्यांत भरावे आणि तेथेच मुरू द्यावे. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या वापरू नयेत, कारण त्यांच्यावर घरगुती यंत्राने बूच घट्ट बसत नाही.

पिण्याच्या मुदतीविषयी विचाराल, तर पहिली बाटली तीन महिन्यांनी उघडावी. तेव्हा हॉप्सचा कडवटपणा पुढे असतो आणि अल्कोहोल थोडे चुरचुरते. सहा ते आठ महिन्यांत हे दोन्ही खाली बसतात आणि खजूर, मनुका, जळक्या साखरेचा वास वर येतो. वर्षानंतर शेरी या वाइनसारखी झाक येऊ लागते, ती काहींना फार आवडते, काहींना नाही. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप या ब्रुअरीने १९६८ साली कादंबरीकार टॉमस हार्डी यांच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षानिमित्त जी कडक एल काढली, तिच्या बाटल्यांवर वर्ष छापलेले असे आणि शौकीन लोक निरनिराळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखत. घरच्या एलला दोन वर्षांपर्यंत सांभाळणे मी सुचवेन, त्यापुढे बुचातून शिरणारी हवा आपला प्रभाव दाखवू लागते. मुरवण्याची जागा अंधारी आणि १२ अंशांच्या आसपास असावी. तेव्हा फेस धरल्यानंतर तुमचा माळाच उत्तम आहे.

पिताना बाटली फ्रिजमधून काढून लगेच ओतू नये. १२-१३ अंशांवर येऊ द्यावी, नाहीतर इतक्या महिन्यांत मुरलेला वास उमलतच नाही. बाटली एकाच धारेत, तळाचा गाळ मागे ठेवून पेल्यात रिकामी करावी. नऊ टक्क्यांच्या एका लहान बाटलीत तीन युनिट (एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल) अल्कोहोल असते आणि ब्रिटनमधील आरोग्यखात्याचा सल्ला आठवड्याला चौदा युनिटांच्या आत राहण्याचा आहे, म्हणून एक बाटली दोघांत वाटून घेणे चांगले.